माळ्यावर सापडलेली जुनी बंदूक ओळखायची कशी?

वाडा उतरवताना, माळा आवरताना किंवा भावाभावांत वाटण्या होताना एक लांबलचक गुंडाळी हाती येते. गोणपाट सोडलं की आत बंदूक. मग घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. कोणीतरी ती खांद्याला लावून चाप ओढून बघतं, आणि कोणीतरी सांगतं की ही आपल्या पूर्वजांनी पानिपतावरून आणलेली. पहिली गोष्ट जिवावर बेतू शकते. दुसरीमुळे ओळखीची सुरुवातच चुकीच्या टोकापासून होते.

बंदूक ओळखण्याला क्रम आहे. ती भरलेली आहे का, हे सगळ्यात आधी. मग कायदा. मग बार पेटवायची तऱ्हा, त्यानंतर नळी आणि लाकूड. नावं, शिक्के आणि सालं शेवटी. बहुतेकजण उलटं करतात: एखादं इंग्रजी अक्षर दिसलं की ते नेटवर शोधतात आणि पुढचे चार महिने चुकीच्या देशात आणि चुकीच्या शतकात फिरत राहतात.

१. ती भरलेलीच आहे असं समजा

ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत ठेवून दिल्या जात. रानडुकरासाठी, दरोड्याच्या भीतीने बार भरून खुंटीला टांगायची आणि मग ती तशीच राहायची. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. म्हणून चाप ओढू नका, घोडा (आपटून बार पेटवणारा भाग) वर करून सोडू नका आणि नळीत डोकावू नका. तोंड कायम माणसं नसलेल्या बाजूला ठेवा.

तपासायला एक लाकडी काठी पुरते. पडद्याची किंवा वेताची चालेल, ८ ते १० मिलिमीटर जाडीची आणि नळीपेक्षा लांब. बंदूक आडवी ठेवून, तोंडासमोर उभं न राहता ती काठी हलकेच आत सरकवा. टेकली की नळीच्या तोंडाशी काठीवर पेन्सिलीने खूण करा. आता काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून तशीच लावा, म्हणजे खूण तोंडाशी येईल. काठीचं दुसरं टोक कानाच्या भोकापर्यंत, म्हणजे जिथून ठिणगी आत जाते तिथपर्यंत पोचायला हवं. ते चार बोटं अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे. कदाचित तो बार असेल, कदाचित कुंभारीण माशीने बांधलेलं मातीचं घर. बाहेरून फरक कळत नाही, म्हणून बारच समजायचा. काही विलायती टोपीच्या (तांब्याची टोपी फुटून पेटणाऱ्या) बंदुकांत नळीचा तळ अरुंद केलेला असतो आणि जाड काठी दोन-तीन सेंटिमीटर आधीच अडते. तिथेही शंका असेल तर ती भरलेलीच धरा.

लोखंडी गज आत घालू नका, ठिणगी पडू शकते. कानातून पाणी ओतून बार निकामी झाला असं मानू नका. दारू वाळली की पुन्हा पेटते. बार काढण्याचं काम घरी करायचंच नाही. पोलिसांना कळवताना पहिल्याच वाक्यात सांगा की बंदूक भरलेली असण्याची शक्यता आहे.

मागून उघडणारी बंदूक असेल तर खटका दाबून ती सहज उघडते का बघा. गंजून अडकली असेल तर जोर करू नका. आत काडतूस असेल तर हात न लावता तशीच ठेवा.

२. कायद्याची बाजू त्याच दिवशी बघा

‘शंभर वर्षांची आहे, म्हणजे परवाना लागत नाही’ हे सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडलेल्या शस्त्रांना सूट आहे. पण तिला एक अट आहे: ते शस्त्र दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं असलं पाहिजे. शाबूत नळीची तोड्याची बंदूक वात लावली की उडते. ती या सुटीत बसते की नाही, हे आपण घरी बसून ठरवायचं नसतं. अमेरिकी संकेतस्थळांवर १८९८ किंवा त्याआधीच्या बंदुकांना सूट असल्याचं वाचायला मिळतं. तो त्यांचा कायदा आहे, इथे त्याचा काही उपयोग नाही.

व्यवहारात करायचं ते असं. आधी घरातले कागद उलथेपालथे करा. जुन्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या गठ्ठ्यात आजोबांचं बंदुकीचं लायसन सापडण्याची शक्यता चांगली असते. त्यावर बंदुकीचं वर्णन चार रोमन अक्षरांत असतं: एसबीएमएल म्हणजे एकनळी ठासणीची, डीबीएमएल म्हणजे दुनळी ठासणीची, एसबीबीएल आणि डीबीबीएल म्हणजे एकनळी आणि दुनळी काडतुसाची. नंबर, कधी कधी कारागिराचं नावही असतं. ओळखीचं अर्धं काम तिथेच होऊन जातं.

मग पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. परवान्याचं कार्यालय ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे असतं. परवानाधारक वारले असतील तर बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने अर्ज करायचा असतो. कागदपत्रं किंवा बंदूक यांपैकी कशाचाच मेळ लागत नसेल तर आधी वकिलाशी बोला आणि त्यांच्यामार्फत कळवा.

सोबत ठेवायचे कागद:

- जुना परवाना किंवा त्याची प्रत, ठाण्यात जमा केल्याच्या जुन्या पावत्या
- परवानाधारकाचा मृत्यूचा दाखला
- वारस असल्याचा पुरावा आणि बाकी वारसांची नाहरकत
- अर्जदाराचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- बंदुकीचे फोटो आणि मापं (पुढच्या पायऱ्यांत तयार होतील ती)

तीन गोष्टी टाळा. बंदूक गाडीत टाकून तज्ज्ञाकडे नेऊ नका. परवाना नसताना नेणं हाच गुन्हा ठरू शकतो आणि ओळखीसाठी फोटो पुरतात. गावातल्या लोहाराकडून दुरुस्त करून घेऊ नका, कारण दुरुस्तीलाही परवाना लागतो. आणि तिच्यावरचा कुठलाही नंबर किंवा शिक्का घासू नका, ते कायद्याने मना आहे.

परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर तो आताच सोडा. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम १९७२ खाली येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही.

३. हाताशी काय हवं

मोबाइल, विजेरी, मोजपट्टी, व्हर्निअर कॅलिपर, मऊ ब्रश, सुती फडकं, टाल्कम पावडर, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल. एवढं बस्स.

काय लांब ठेवायचं त्याची यादी जास्त महत्त्वाची आहे: चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, सँडपेपर, तारेचा ब्रश, वॉर्निश. खंडेनवमीला शस्त्रं लखलखीत करून पूजेला मांडायची आपल्याकडे रीत आहे, आणि याच प्रेमाने कित्येक बंदुकांवरची अक्षरं दर वर्षी थोडीथोडी पुसली गेली आहेत. पूजा जरूर करा. फक्त ती लिंबाने घासू नका, आणि हळद-कुंकू कानाच्या भोकात किंवा घोड्याच्या फटीत जाऊ देऊ नका. तिथे ते ओल धरतं आणि गंज आतून चढतो. काळपट तांबूस थर हा मळ नव्हे. तो वयाचा पुरावा आहे, आणि जाणकार आधी तोच बघतो.

४. फोटो आणि मापं

फोटो दिवसाच्या उजेडात, साध्या चादरीवर, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. पूर्ण बंदूक उजवीकडून आणि डावीकडून, घोड्याची बाजू जवळून, नळीचा मागचा भाग वरून, तोंड समोरून (बंदूक तशीच पडलेली असताना, मोबाइल हाताने लांब धरून), चापाची कडी, दस्त्याचा (खांद्याला लागणाऱ्या लाकडी भागाचा) शेवट आणि नळी लाकडाला बांधणारे पट्टे.

पुसट शिक्क्यांसाठी खोली अंधारी करा आणि विजेरी जवळजवळ आडवी धरा. सावली पडून अक्षर उठून दिसतं. त्यावर टाल्कम भुरभुरून वरचं फडक्याने टिपलं की खोलगट अक्षरं पांढरी होतात. एवढ्यानेही जमलं नाही तर कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा. हा ठसा फोटोपेक्षा खात्रीचा असतो.

मापं चार घ्या: एकूण लांबी, नळीची लांबी, नळीच्या तोंडाचा आतला व्यास, आणि नळी बाहेरून मागे व पुढे किती जाड आहे. विलायती बंदुकांची नळी इंचांत मोजलेली असते, म्हणून इंच आणि सेंटिमीटर दोन्ही लिहा. व्यासावरून बरंच कळतं. १८.५ मिलिमीटर म्हणजे १२ बोअर, १६.८ म्हणजे १६ बोअर, १५.६ म्हणजे २० बोअर. १९ च्या आसपास असेल तर जुनी फौजी चकमकीची. १४.७ म्हणजे एन्फिल्डची ०.५७७ इंची. ७.७ म्हणजे ०.३०३, आणि ती पुराणी म्हणून सोडून देण्यासारखी अजिबात नाही. झिजलेल्या तोंडात अर्धा-पाऊण मिलिमीटर इकडेतिकडे होतो, म्हणून दोन ठिकाणी मोजा.

विजेरीचा उजेड तोंडाकडून तिरका टाकून, नळीत न डोकावता, मोबाइलच्या फोटोत नळीच्या कडेला आटे (आतल्या पिळदार खाचा) दिसतात का तेही बघा. आटे असतील तर रायफल, नसतील तर गुळगुळीत नळीची बंदूक.

५. बार कसा पेटतो?

ओळखीचा कणा हाच. बार पेटवायच्या तऱ्हेवरून काळाची खालची मर्यादा ठरते, म्हणजे या बंदुकीचं हे रूप अमुक सालाच्या आधीचं असूच शकत नाही.

*तोड्याची.* उजव्या बाजूला कानाजवळ रंजकाची, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूची, छोटी वाटी, बहुतेक वेळा फिरतं झाकण असलेली. लाकडाच्या चिरेतून वर आलेला वाकडा लोखंडी आकडा, त्याच्या टोकाला पेटता तोडा, म्हणजे जळती वात, धरायची फट. चाप ओढला की आकडा पुढे वाटीकडे झुकतो. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांत नळी लाकडाला चामड्याच्या वाद्यांनी, तारेच्या वेढ्यांनी किंवा पितळी पट्ट्यांनी बांधलेली असते. इथे एक मोठा सापळा आहे: तोड्याची म्हणजे शिवकालीन, असं नाही. ही तऱ्हा साधी, स्वस्त आणि गावच्या लोहाराला जमणारी होती, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात टोप्या आल्यावरही त्या बनत राहिल्या. नुसत्या तोड्यावरून तीनशे वर्षांचं वय लावू नका.

*चकमकीची.* घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा आणि समोर उभी पोलादी पाटी. घोडा आपटला की ठिणग्या वाटीत पडतात. देशी कारागिरांनी ही तऱ्हा फारशी उचलली नाही. ती मुख्यतः युरोपी फौजांकडे आणि त्यांच्या धर्तीवर कवायत शिकलेल्या पलटणींकडे होती, जशा महादजी शिंद्यांसाठी डी बॉयन या युरोपी अधिकाऱ्याने उभ्या केलेल्या. तोंडाशी कर्ण्यासारखी रुंदावलेली आखूड नळी असेल तर ती कडाबीन.

*टोपीची.* वाटी नाही. नळीच्या मागे एक बारीक बोंड, त्यावर तांब्याची टोपी बसते आणि घोड्याचं पोकळ डोकं तिच्यावर आदळतं. ब्रिटिश फौजेत ही १८४० च्या सुमारास आली. घरात निघालेली बंदूक टोपीची असेल, तर ती त्या रूपात १७६१ ला पानिपतावर असणं शक्य नाही. घरातल्या आठवणीला धक्का बसला तरी हे सांगायलाच हवं.

*चकमकीची टोपीची केलेली.* या जातीच्या बंदुका भरपूर आहेत, आणि हिला ओळखायला बाजूची लोखंडी पाटी (जिच्यावर घोडा बसवलेला असतो ती) नीट बघावी लागते. पाटीच्या पुढच्या भागात दोन-तीन गोल बुजवलेली भोकं दिसतील. तिथे पूर्वी पोलादी पाटीची कमान आणि वाटी होती. वाटीच्या जागी पाटीचा वरचा काठ अर्धगोल खाल्लेला किंवा तुकडा जोडून भरलेला असेल. नळीच्या उजव्या बाजूला जुन्या कानात ढोलाच्या आकाराचा जाड तुकडा आटे पाडून बसवलेला आणि त्यावर बोंड. घोड्याचं पोलाद आणि पाटीचं पोलाद यांचा रंग जुळत नाही. अशा बंदुकीला दोन वयं असतात, मूळ आणि बदललेलं. वर्णनात दोन्ही लिहायची.

*मागून उघडणारी.* काडतुसाच्या बुडाला आडवी पिन असे, तशा पिनफायर बंदुकीत नळीच्या मागच्या काठावर वर एक छोटी खाच असते. ही १८३५ नंतरची फ्रेंच तऱ्हा. मागे उजवीकडे बिजागरीवर पलटणारा ठोकळा असेल तर स्नायडर, १८६६ पासूनची. अनेकदा ती जुन्या ठासणीच्या एन्फिल्डचीच बदललेली असते. चापाखाली लांब दांडा असेल तर मार्टिनी-हेन्री, १८७१ ची. वर मागे-पुढे सरकणारा बोल्ट असेल तर ली-मेटफर्ड किंवा ली-एन्फिल्ड. तिथून पुढे पुराणवस्तूची भाषा सोडून थेट परवान्याची भाषा बोलायची.

६. नळी आणि लाकूड

तोड्याची बंदूक कुठली, हे लाकडाच्या आकारावरून बरंचसं कळतं. सडपातळ, जवळजवळ सरळ आणि आडव्या छेदात पाचकोनी लाकूड हे उत्तरेकडच्या आणि राजस्थानच्या बंदुकांचं लक्षण. म्हैसूर-कोडगूकडे दस्ता वाकतो आणि वेगळा घाट घेतो. खोल, रुंद, मासोळीच्या शेपटीसारखा दस्ता असेल तर सिंध. लांब नळीची आणि जास्त वाकडी असेल तर अफगाण जेजाईल. आपल्या जुन्या कागदांत ‘जेजाल’ म्हणजे तटावरून किंवा टेकू लावून उडवायची जड बंदूक. नावं सारखी वाटली तरी दोघींत गल्लत करू नका. खांद्याला लावून एकट्याला पेलणार नाही इतकी जड आणि जाड नळीची बंदूक असेल तर जेजालेचा विचार करा.

नळीवर लाकडाच्या रेषांसारखी वेटोळी नक्षी दिसली तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली आहे. अशा नळ्या देशी होत्या तशा बेल्जियन आणि इंग्रजीही होत्या, म्हणून नक्षीवरून देश ठरवू नका. त्या बहुतेक धुररहित दारूसाठी नव्हत्या, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा.

७. शिक्के, अक्षरं, साल

आता नावांकडे या. ब्रिटिश फौजी बंदुकीच्या बाजूच्या पाटीवर मागे मुकुट, मुकुटाखाली राजाची किंवा राणीची अक्षरं, आणि पुढे ‘टॉवर’ किंवा ‘एन्फिल्ड’ आणि साल. ‘जी आर’ म्हणजे जॉर्ज, १८३० पर्यंतचे चौघे आणि पुन्हा १९१० नंतरचे. ‘व्ही आर’ म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. कंपनीच्या फौजेच्या बंदुकांवर आधी चार भागांत विभागलेलं हृदय आणि त्यात व्ही, ई, आय, सी ही अक्षरं असत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची जागा मुकुट धरून उभ्या सिंहाने घेतली. ‘टॉवर’ हे कारागिराचं नाव नाही. लंडनच्या टॉवरमधल्या सरकारी शस्त्रागाराची ती खूण आहे.

कंपनीच्या चकमकीच्या बंदुकांत इंडिया पॅटर्न हा नमुना सर्वांत जास्त भेटतो. नळी ३९ इंच, व्यास पाऊण इंच. नळी ४२ किंवा ४६ इंच निघाली तर तो त्याहून जुना फौजी नमुना असण्याची शक्यता आहे, पण नळीचं तोंड कापलेलं नाही ना हे आधी बघा. मूळ तोंडाजवळ संगिनीचा खुंटा असतो. तो तोंडाला फार खेटलेला असेल किंवा नसेलच, तर नळी आखूड केलेली असू शकते.

एक उदाहरण सविस्तर बघू. पाटीवर मुकुट, व्ही आर, पुढे ‘टॉवर’ आणि १८५९. टोपीची, ३९ इंची नळी, तीन पट्टे. नेटवर शोधलं की लगेच ‘१८५३ ची एन्फिल्ड रायफल, ०.५७७ इंच, तीन आट्यांची’ असं उत्तर येतं, आणि घरात ‘सत्तावन्नच्या उठावातली’ अशी आठवणही असते. पण कॅलिपर लावला तर व्यास १६.७ मिलिमीटर येतो आणि आत आटे नाहीत. मागची निशाण्याची उभी शिडी नाही, नुसती साधी खाच आहे. हे तीन पुरावे एकाच दिशेने जातात: उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती आटे असलेली रायफल द्यायची नाही म्हणून खास गुळगुळीत, ०.६५६ इंची नळीच्या बनवलेल्या बंदुका. बाहेरून रूप एन्फिल्डचंच. म्हणजे ही उठावातली नाही, उठावाच्या धसक्यातून जन्मलेली आहे. मोजपट्टी आणि कॅलिपर नसते तर हे कळलं नसतं.

खासगी शिकारी बंदुकांवर प्रूफचे शिक्के बघा, म्हणजे नळी चाचणीत फुटली नाही याची खूण. ते बहुतेक वेळा नळीच्या खालच्या बाजूला असतात. दुनळीत पुढचं लाकूड सुटं होत असेल तर ते काढूनच दिसतात. दोन राजदंड एकमेकांवर आडवे आणि वर मुकुट: बर्मिंगहॅम, १८१३ ते १९०४. मुकुटाखाली गुंतलेली जी आणि पी, आणि मुकुटाखाली व्ही: लंडन. लांबट वर्तुळात ई, एल, जी आणि खाली तारा: बेल्जियमचं लिएज, त्या वर्तुळावर मुकुट असेल तर १८९३ नंतरचं. ‘नॉट फॉर बॉल’ असं लिहिलेलं असेल तर १८७५ ते १८८७. चौकट तिरकी उभी करून त्यात १२ आणि सी: १८८७ पासून पुढे. ‘नायट्रो प्रूफ’ (धुररहित दारूने तपासलेली) असेल तर १८९६ किंवा त्यानंतर.

नळीच्या वरच्या पट्टीवरचं नाव मात्र फसवं असतं. मँटन, रॉडा, लायन अँड लायन ही कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांची नावं. आर्मी अँड नेव्हीची दुकानाची इमारत मुंबईत काळा घोड्याला आजही उभी आहे. या पेढ्या बंदुका विकत आणि त्यांवर आपलं नाव घालून घेत. घडणारा कारागीर बर्मिंगहॅमचा किंवा लिएजचा असू शकतो, आणि तो प्रूफच्या शिक्क्यावरूनच सापडतो.

गोव्याकडच्या घरात मुकुटाखाली एल आणि आय अशी अक्षरं आणि ‘स्टायर १८८६’ दिसलं तर ती पोर्तुगीज फौजेची क्रोपाचेक रायफल. अक्षरं राजा लुईश पहिल्याची.

देशी बंदुकांवरची सालं वाचताना आधी कोणता शक ते ठरवा. शालिवाहन शकात ७८ मिळवा. विक्रम संवतातून ५७ वजा करा. राज्याभिषेक शक १६७४ पासून मोजतात. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा: १२०० हिजरी म्हणजे १७८५-८६. फारसी शून्य हा नुसता ठिपका असतो आणि तो नक्षीतला समजून सुटतो. पाच उलट्या हृदयासारखा दिसतो. टिपू सुलतानाच्या कारखान्याची बंदूक असेल तर तिथे हिजरी हिशेब चालत नाही. त्याने मौलूदी सन सुरू केला होता आणि आकडे उजवीकडून डावीकडे लिहिले जात.

घरच्या मोडी कागदांत शिलेखान्याची याद सापडली तर ती सोन्यासारखी जपा. त्यात साल बहुधा शुहूर (मराठेशाहीच्या दफ्तरातला सन) असतं आणि शब्दांत लिहिलेलं: ‘इसने सबैन मया व अलफ’ म्हणजे २ + ७० + १०० + १००० = ११७२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७७१-७२.

८. जोडकाम आणि नक्कल

एका बंदुकीची नळी, दुसरीची पाटी आणि गावच्या सुताराचं लाकूड असं जोडकाम सर्रास होतं. लाकडातली खाच आणि पाटीचा काठ यांत अंतर दिसलं, भरलेली जागा दिसली, किंवा पट्ट्यांचे ठसे लाकडावर एकीकडे आणि पट्टे दुसरीकडे असले, तर जोडकाम समजा. त्यात कमीपणा नाही. बंदूक वापरात होती याची ती खूण आहे.

नक्कल वेगळी. वायव्य सरहद्दीवर विलायती रायफलींच्या नकला बनत. त्यांत ‘एन्फिल्ड’मधलं एन अक्षर उलटं पडलेलं, अक्षरांची ओळ वाकडी, आणि व्ही आर खाली १९०१ नंतरचं साल असं आढळतं. राणी त्या वर्षीच्या जानेवारीत वारली, त्यामुळे साल १९०१ च्या पुढचं असेल तर खोट लगेच सापडते. शोभेच्या दुकानातल्या तोड्याच्या बंदुकांवर पितळी नक्षी भरगच्च असते, पण कानाचं भोक नळीच्या आतपर्यंत पोचत नाही. दाभणाने ते तपासायचा मोह आवरा, आत बार असू शकतो. उजेडात बघितलं तरी कळतं.

९. कोणाला विचारायचं

पोलीस ठाण्याची पोच हातात आल्यावरच विचारायला लागा. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापूरचा न्यू पॅलेस, नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय यांत जुनी शस्त्रं मांडलेली आहेत. स्वतः जाऊन आपल्या फोटोंशी ताडून बघा. काचेपलीकडची खरी बंदूक बघितली की लाकडाचा घाट डोळ्यांत बसतो. मोडी वाचून घ्यायला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे.

पत्रात ‘ही किती जुनी आणि किंमत किती?’ एवढंच विचारलं तर उत्तर येत नाही. वर्णन असं लिहा:

‘तोड्याची बंदूक, एकनळी, गुळगुळीत. एकूण लांबी १६८ सें.मी., नळी १२१ सें.मी., तोंडाचा आतला व्यास १५ मि.मी. नळी चामड्याच्या चार वाद्यांनी बांधलेली, एक वादी नवी. लाकूड सरळ, छेद पाचकोनी, दस्त्याला मोड नाही. नळीच्या मागे वर देवनागरी आकडे, ठसा सोबत जोडला आहे. काठी कानापर्यंत पोचते. पोलिसांना कळवले असून पोच सोबत आहे. घरात कधीपासून आहे याची नोंद नाही.’

फोटोंत घराचा पत्ता, नंबर प्लेट, देव्हारा काही दिसू देऊ नका आणि समाजमाध्यमांवर टाकू नका. उत्तर यायला महिने लागतात. पोलिसांनी बंदूक घरी ठेवायला सांगितली असेल तर तोवर ती आडवी, जमिनीपासून उचलून, कोरड्या सुती कापडात ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. लोखंडावर मशीन ऑइलचा हात फक्त एकदा, फडक्याने, आणि तोही शिक्के व अक्षरं सोडून. खोलीला कुलूप लावा आणि किल्ली एकाच माणसाकडे असू द्या.